मूत्राशयाची भिंत पाझरते काय?



होळी झाली कीं मुरबाड-शहापूरकडील घरांत नवा माठ येतो. नवें मडकें पाझरतें. त्याच्या अंगावर आलेला ओलावा उडून जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो, आणि म्हणूनच माठांतलें पाणी गार लागतें. आतां हेंच मडकें रिकामें करून गळ्यापर्यंत पाण्यांत बुडवून ठेवलें तर काय होईल? तोंड पाण्याच्या वर असूनहि बाहेरचें पाणी कडेनें आंत झिरपेल आणि मडकें हळूहळू भरूं लागेल. हा साधा घरगुती अनुभव सुश्रुतसंहितेच्या कर्त्यानें शरीरांतील एक गूढ उकलण्यासाठीं वापरला आहे. ग्रंथाच्या निदानस्थानांत अश्मरीचें, म्हणजे मूतखड्याचें, प्रकरण आहे. बस्ति म्हणजे मूत्राशय हा भोपळ्याच्या आकाराचा असून, पाण्यांत ठेवलेल्या नव्या घटाप्रमाणें तो बाजूंनीं भरतो, आणि मूत्र असंख्य सूक्ष्म वाटांनीं त्याच्यांत येतें, असें तेथें प्रतिपादन केलें आहे.

म्हणजे सुश्रुताच्या मतें मूत्राशयाची भिंत पाझरते. ती खरोखरच पाझरते काय, हा प्रश्न वरवर पाहतां पंडितांच्या वादाचा वाटेल. परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां मनुष्य मातीच्या मडक्यापासून एका जनुकापर्यंत येऊन पोंचला आहे. आणि या लांबच्या प्रवासांतील एक मुक्काम आपल्याच कोंकणांतील एका खेड्यांत झालेला आहे. शिवाय हा विषय असा कीं, सभ्य संभाषणांत तो निघत नाहीं, आणि घरांतील स्त्रीला त्याचा त्रास झाला तर ती तो बोलून दाखवीत नाहीं. म्हणून या भिंतीचा इतिहास आज आपणांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

सुश्रुतास हंसणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. ज्या ग्रंथांत घटाचा दृष्टान्त आहे, त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानांत मूतखडा शस्त्रानें काढण्याची कृति दिलेली आहे. शस्त्रापासून कोणते भाग जपावे हें तेथें नांवानिशीं सांगितलें आहे. आणि रोग्याच्या जिवास असलेला धोका ओळखून, अधिपतीची अनुज्ञा घेतल्यावांचून शस्त्र हातीं धरूं नये, अशी सावधगिरीहि शिकविली आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संशोधिलेली या ग्रंथाची आवृत्ति काढली, तींत जिज्ञासूंस हीं दोन्ही प्रकरणें पाहतां येतील. मूत्राशयाचा इतका निकट परिचय असलेल्या आचार्यालाहि त्याच्या भिंतीचें खरें स्वरूप कळूं नये, यास कारण आहे. मूत्रपिंडापासून निघालेली मूत्रवाहिनी मुळांतच बारीक. त्यांतून ती मूत्राशयाच्या भिंतींत तिरकी शिरते, आणि मूत्राशय भरला कीं तिचें तोंड दाबलें जाऊन बंद होतें. मृत शरीरांतील मूत्राशय कोणी फुगवून पाहिला, तरी वारा सहसा त्या वाटेनें मागें जात नाहीं. दार दिसेना, तेव्हां घर भिंतींतून भरतें असें मानणें, हा तर्क अगदींच वाकडा नव्हता.

हीच अडचण पाश्चात्त्यांनाहि आली होती. आस्क्लेपियाडीस नांवाच्या वैद्याच्या अनुयायांचें म्हणणें असें होतें कीं, आपण प्यालेलें पाणी शरीरांत वाफ होऊन पसरतें आणि मूत्राशयांत येऊन पुन्हा पाणी होतें. दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या गॅलन या विख्यात वैद्यानें हा वाद प्रयोगानें तोडला. त्यानें जिवंत जनावराच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्यानें बांधल्या. मूत्राशय रिकामा राहिला आणि गांठीच्या वरच्या बाजूस नळ्या तट्ट फुगल्या. गांठी सोडतांच मूत्राशय भरूं लागला. मूत्र येतें तें नळीनें, भिंतींतून नव्हे, हें ठरलें.

परंतु एक प्रश्न सुटला कीं दुसरा उभा राहतो. पाणी भिंतींतून आंत येत नाहीं हें खरें. मग तें भिंतींतून बाहेर तरी कां जात नाहीं? आणि आंत-बाहेर कांहींच कां होत नाहीं? हा प्रश्न किती अवघड आहे तें स्वयंपाकघरांतील एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. लोणच्यासाठीं कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें कीं त्यांना पाणी सुटतें. कारण क्षार जिकडे अधिक तिकडे पाणी ओढलें जातें. आपलें मूत्र रक्ताच्या चौपटीपर्यंत दाट होऊं शकतें. मूत्राशयाच्या भिंतीच्या एका बाजूस असें दाट मूत्र आणि दुसऱ्या बाजूस रक्तवाहिन्या, अशी स्थिति तासन् तास असते. कैरीचा नियम येथें चालला असता तर रक्तांतील पाणी मूत्रांत उतरलें असतें आणि मूत्रपिंडानें मोठ्या कष्टानें बाहेर टाकलेलें विष पुन्हा रक्तांत शिरलें असतें. बरें, ही भिंत दगडी धरणासारखी निश्चल असती तर गोष्ट वेगळी होती. ती रिकामी असतांना सुरकुतलेली असते आणि अर्धा लिटर मूत्र सांठेपर्यंत ताणत जाते. रिकामी होते, पुन्हा ताणते. ताणली जावी आणि तरीहि पाझरूं नये, अशा दोन परस्परविरोधी मागण्या या अस्तरापुढें आहेत.

एकोणिसाव्या शतकांत सूक्ष्मदर्शक यंत्र सुधारलें आणि हें अस्तर अनेक थरांचें आहे असें दिसलें. तळाशीं लहान पेशी, मध्यें थोड्या मोठ्या, आणि मूत्राला भिडणाऱ्या पृष्ठभागावर प्रशस्त, पसरट अशा पेशी, कीं ज्यांतील एकेक पेशी खालच्या कित्येक पेशींवर छत्री धरल्यासारखी असते. यांना छत्रीपेशी असेंच नांव पडलें. पेशी दिसल्या, त्यांच्या अभेद्यतेचें रहस्य मात्र दिसलें नाहीं. मध्यंतरींच्या काळांत या भिंतीविषयीं जें ज्ञान झालें, तें ती जेथें जेथें भंगली तेथें तेथें झालें.

पहिला भंग आंतल्या, म्हणजे मूत्राच्या, बाजूनें होता. १८९५ सालीं फ्रँकफर्ट येथील शस्त्रवैद्य लुडविग रेन यानें, फुक्सीन नांवाचा तांबडा रंग तयार करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांमध्यें मूत्राशयाच्या गांठी आढळल्याचें जाहीर केलें. या रंगांचीं द्रव्यें श्वासावाटें व त्वचेवाटें शरीरांत जात, मूत्रपिंडांतून बाहेर पडत, आणि मूत्राबरोबर तासन् तास त्या अस्तराला लागून राहत. १९३८ सालीं अमेरिकेंत ह्यूपर व त्याचे सहकारी यांनीं नॅफ्थिलअमाइन या जातीचें एक द्रव्य देऊन कुत्र्यांच्या मूत्राशयांत कर्करोग उत्पन्न करून दाखविला. याच वर्गांतील द्रव्यें तंबाखूच्या धुरांतहि असतात. आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचें सर्वांत मोठें कारण आज धूम्रपान हेंच ठरलें आहे. बिडीचा धूर फुप्फुसांत जातो एवढेंच आपण जाणतों. त्याचा अंश मूत्राशयांत मुक्काम करतो हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें.

दुसरा भंग पाठीमागच्या, म्हणजे रक्ताच्या, बाजूनें होता, आणि त्याचा धागा ईजिप्तमधून आपल्या कोंकणापर्यंत येतो. लघवींतून रक्त जाणें हा ईजिप्तमधील जुना रोग. १८५१ सालीं कैरो येथें थिओडोर बिलहार्झ या तरुण जर्मन वैद्यास प्रेतपरीक्षा करतांना रक्तवाहिनींत एक कृमि सांपडला, आणि पुढें त्या रोगाचें मूळ तोच ठरला. या कृमीची मादी मूत्राशयाभोंवतालच्या शिरांत अंडीं घालते. अंड्याच्या टोकास कांटा असतो, आणि तीं अंडीं भिंत भेदून मूत्रांत येतात. मूत्राबरोबर तीं पाण्यांत पडलीं कीं त्यांतून निघालेला जीव एका गोगलगाईच्या शरीरांत वाढतो, आणि तेथून बाहेर पडून पाण्यांत उतरलेल्या माणसाच्या त्वचेंतून आंत शिरतो. ईजिप्तमध्यें गोगलगाईचा हा दुवा १९१५ सालीं लायपर यानें सिद्ध केला.

असा रोग हिंदुस्थानांत मूळ धरूं शकतो असें फारसें कोणास वाटत नव्हतें. परंतु १९५२ सालीं डॉ. गाडगीळ व डॉ. शहा या दोन संशोधकांनीं रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यांतील गिमवी या गांवीं अशा रोगाचें एक स्थानिक ठाणें असल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें १९५५ सालीं त्यांनीं या कृमीस आसरा देणारी गोगलगायहि दाखविली. ती फेरिसिया टेन्युइस या जातीची, टोपीच्या आकाराची आणि इतकी लहान कीं दगडाला चिकटलेली असतां सहज नजरेंत भरूं नये. कृमीच्या नेमक्या जातीविषयीं पुढें तज्ज्ञांत मतभेद झाले. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत गिमवीचें नांव कायम झालें. या रोगापासून मिळालेला धडा दुहेरी आहे. पहिला असा कीं, पुढून येणाऱ्या दाट मूत्राला दाद न देणारी भिंत पाठीमागून आलेल्या कांट्यानें फुटते. दुसरा असा कीं, वारंवार फुटून सांधलेली भिंत शेवटीं बिघडते. १९९४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें मूत्राशयांत अंडीं घालणाऱ्या या कृमीची गणना मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या निश्चित कारणांत केली.

भंगलेली भिंत अशी कळली. पण अभंग भिंतीचें मर्म उलगडावयास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्र यावें लागलें. १९६५ च्या सुमारास लंडनमध्यें मॅरियन हिक्स या संशोधिकेनें उंदराच्या मूत्रमार्गाचें अस्तर या यंत्राखालीं तपासलें, तेव्हां एक नवल दिसलें. प्रत्येक पेशीभोंवतीं दुपदरी पापुद्रा असतो, आणि दोन्ही पदर सामान्यतः सारख्या जाडीचे दिसतात. छत्रीपेशींच्या मूत्राकडील पापुद्र्यांत मात्र बाहेरचा पदर आंतल्यापेक्षां जवळजवळ दुप्पट जाड होता. १९६९ पर्यंत असेंहि स्पष्ट झालें कीं, हा जाड पदर म्हणजे नुसता लेप नव्हे. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी मांडणींत बसविलेल्या कणांची ती फरसबंदी आहे. फरशांच्या मधून मधून बिजागरीसारख्या मऊ रेषा आहेत. मूत्राशय रिकामा झाला कीं ही फरसबंदी घड्या पडून पेशीच्या पोटांत जाते; भरूं लागला कीं पोटांतील घड्या पुन्हा पृष्ठभागावर येऊन उलगडतात. ताणणें आणि न पाझरणें या दोन मागण्यांचा मेळ कसा बसतो, त्याचें उत्तर या घडीच्या फरसबंदींत होतें.

ही फरशी कशाची घडविली आहे, हा पुढचा प्रश्न. न्यूयॉर्क विद्यापीठांतील तुंग-तियेन सुन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कसाईखान्यांतून आणलेल्या जनावरांच्या मूत्राशयांचें अस्तर मोठ्या प्रमाणावर खरडून घेऊन त्यांतील प्रथिनें वेगळीं केलीं, आणि १९९० सालीं त्यांची ओळख जाहीर केली. या प्रथिनांना यूरोप्लाकिन असें नांव मिळालें. त्यांचे मुख्य प्रकार चार: पहिल्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन, शिवाय दुसरा आणि तिसरा. ‘पहिला अ’ दुसऱ्याशीं जोडी करतो आणि ‘पहिला ब’ तिसऱ्याशीं. जोडी जमल्याखेरीज त्यांपैकीं बहुतेकांना पेशींतील कारखान्यांतून पृष्ठभागाकडे जाण्याची मोकळीक मिळत नाहीं. लग्नाच्या पंगतींत जोडप्यानेंच बसावें तसा हा प्रकार आहे. अशा जोड्या एकत्र येऊन षट्कोन बनतो, आणि षट्कोनांची फरशी.

प्रत्येक प्रथिनाचा नमुना पेशींतील एका जनुकांत लिहिलेला असतो. मनुष्याच्या दुसऱ्या यूरोप्लाकिनचें जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, तर तिसऱ्याचें बाविसाव्यावर. आणि बाविसावें गुणसूत्र म्हणजे मानवी गुणसूत्रांपैकीं ज्याचा मजकूर १९९९ सालीं सर्वांत आधीं वाचून झाला तें. जनुक ठाऊक झाल्यावर सुश्रुताच्या वेळचा प्रश्न सरळ विचारतां येऊं लागला: ही फरशी काढून घेतली तर भिंत पाझरेल काय? २००० सालीं सुन यांच्याच मंडळींनीं उंदरांत तिसऱ्या यूरोप्लाकिनचें जनुक निकामी केलें. फरशा लहान व विरळ झाल्या, आणि भिंत पाझरूं लागली. १९९० सालीं ज्यांनीं प्रथिन शोधलें त्यांनींच दहा वर्षांनीं त्याच्या अभावीं काय होतें तें दाखविलें. २००२ मधील मोजमापांत अशा भिंतींतून पाणी आणि यूरिया अधिक प्रमाणांत जातात असें आढळलें. मूत्राशयाची भिंत न पाझरणारी आहे; परंतु ती उपजतच अभेद्य नसून, पेशी अहोरात्र फरशा घडवितात म्हणून ती तशी राहते, असा निर्णय झाला. घटाचा दृष्टान्त, म्हणावयाचें तर, निकामी जनुकाच्या मूत्राशयाला लागू पडतो.

त्या उंदरांत आणखीहि एक दोष दिसला. मूत्रवाहिन्यांचीं तोंडें बिघडून मूत्र मूत्रपिंडाकडे उलटें चढूं लागलें. २००५ सालीं विलायतेंतील संशोधकांनीं जन्मतः मूत्रपिंडें नीट न वाढल्यामुळें निकामी झालेल्या १७ मुलांची तपासणी केली. त्यांपैकीं ४ मुलांत तिसऱ्या यूरोप्लाकिनच्या जनुकांत बदल सांपडला. मात्र मूत्र उलटें चढण्याचा विकार असलेल्या बहुसंख्य मुलांत असा बदल आढळत नाहीं. एका जनुकावर सर्व दोष लादण्याचा मोह येथें आवरला पाहिजे. दुसरीकडे या प्रथिनाचा एक व्यावहारिक उपयोगहि झाला आहे. कर्करोग पसरून दुसऱ्या ठिकाणीं गांठ आली, आणि तिच्या पेशींत यूरोप्लाकिन आढळलें, तर ती गांठ मूत्रमार्गाच्या अस्तरांतून आली असें रोगपरीक्षकास म्हणतां येतें. १९९५ सालीं या खुणेचें महत्त्व दाखविण्यांत आलें.

आतां अशा या चोख भिंतीवरहि एक शत्रु नित्य चालून येतो. १८८५ सालीं थिओडोर एशरिख यानें वर्णन केलेला, आपल्या आंतड्यांत राहणारा जंतु तो हाच. त्याच्या अंगावर केंसांसारखे तंतु असतात आणि तंतूच्या टोकास चिकटण्याची शक्ति असते. १९९६ सालीं असें दिसून आलें कीं, हें टोक नेमकें पहिल्या यूरोप्लाकिनावरील शर्करेस जाऊन बिलगतें. जी फरशी मूत्राला अडविते, तीच जंतूला पाय रोवावयास जागा देते. यावर शरीराचा उपाय कठोर आहे: जंतु चिकटलेल्या छत्रीपेशी सुटून मूत्राबरोबर वाहून जातात, आणि खालच्या थरांतून नव्या पेशी त्यांची जागा घेतात. पण मूत्र वाहिलें तरच हें वाहून जाणें घडतें. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटर लांबीचा. त्यामुळें जंतूंना वाट जवळची, आणि जगांतील सुमारें निम्म्या स्त्रियांना आयुष्यांत एकदां तरी हा त्रास होतो. आपल्याकडे त्याला ‘उन्हाळी लागणें’ म्हणतात. नांवावरून दोष उन्हाचा वाटतो. परंतु उन्हाळ्यांत पाणी कमी पोटांत जातें, मूत्र दाट होतें आणि वेळेवर बाहेर पडत नाहीं, एवढा खरा अर्थ त्या नांवांत दडलेला आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार हा विकार होणाऱ्या १४० स्त्रियांपैकीं निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी अधिक प्यावयास सांगितलें. वर्षभरांत त्यांना सरासरी १.७ वेळां विकार झाला, तर इतरांना ३.२ वेळां.

येथें मुरबाड-शहापूरची गोष्ट पुन्हा काढणें प्राप्त आहे. शहापूर तालुक्यांतील तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो; भातसाचें पाणीहि मुंबईसच जातें; बारवी धरणासाठीं मुरबाड तालुक्यांतील गांवांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या, आणि तें पाणी कल्याण-डोंबिवलीकडील वस्तीस मिळतें. पावसाळ्यांत तेथें पाऊस धो धो कोसळतो. तरीहि उन्हाळा आला कीं याच दोन तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, आणि डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीस जाणारी ती घरची बाईच असते. जी पाणी आणते तीच पाणी पुरवून पुरवून पिते. आडोसा नसला म्हणजे लघवीस अंधार पडेपर्यंत थांबते. वर सांगितलेला दीड लिटरचा उपाय वैद्यकांतील सर्वांत स्वस्त उपाय आहे खरा, पण तो ज्याच्या दारांत नळ आहे त्यालाच स्वस्त आहे.

मुंबईंतील आपल्यासारख्या कुटुंबांनीं या इतिहासांतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. लघवींतून रक्त गेलें, मग तें न दुखतां एकदांच गेलें असलें तरी, तें उन्हानें झालें म्हणून स्वस्थ बसूं नये. डॉक्टरांस दाखवावें, कारण भिंत फुटल्याची ती पहिली बातमी असूं शकते. आणि घरकामास येणारी बाई, गांवाकडची नातलग किंवा स्वतःची मुलगी जळजळीची तक्रार दबक्या आवाजांत करील, तेव्हां ती पुरती ऐकून घ्यावी. ती भिंत आपल्या परीनें रात्रंदिवस फरशा घडवून राखण करीत असते. तिला पाणी मिळेल आणि वेळेवर मोकळें होण्यास निवांत जागा मिळेल, एवढी व्यवस्था मात्र बाहेरच्या जगानेंच करावयाची आहे.